चुन्याचा ठिपका

मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावरची निम्मी माणसं गोमतीबाईच्या हातून जगात आली होती. सुईण ती! कोणाला काय बोलावं, याचा मुलाहिजा तिला नव्हता. अगदी तांड्याच्या मुख्याचा, नाईकाचासुद्धा.

चोपन्न साली शेजारच्या गावात पटकीची साथ आली, अन् सरकारी डॉक्टर पेटी घेऊन तांड्यावर हजर झाले. म्हणाले, "पटकी झाली तर सलाईन सगळ्यांनाच देऊ. सोबत एक नवी सुई आहे. तिनं गुण येतो की अपाय होतो, तेच अजून पाहायचंय. पण पटकीचा रोगी बेशुद्ध पडला, तर त्याला विचारणार कसं?"

रतनसिंग नाईकानं मिशीवर हात फिरवला. "आना कागद. माहा अंगठा म्हंजे साऱ्या तांड्याचा अंगठा."

"वा रे नाईक!" गोमतीबाई कडाडली. "पटकी झाली तं साऱ्या तांड्याच्या वाटचं तुमीच हागसान का? ज्याचं आंग त्याले इचारा. आज सारे धडधाकट हायेत, आजच इचारा!"

"मग तुम्हीच विचारा," डॉक्टर हसू दाबत म्हणाले.

झालं! बाई दारोदार फिरली. सुईचं जे ठाऊक ते सांगायची, जे ठाऊक नाही तेही सांगायची. दारावर माणसागणिक एक ठिपका: होकाराला गेरूचा, नकाराला चुन्याचा. रुपाबाईनं तीनदा मत बदललं, तिच्या चौकटीची पार रांगोळी झाली. गोमतीबाईचा नवरा भाऊसिंग मात्र ठाम. "मले नको नवी सुई. दुसऱ्यावर पाहा म्हना." "भित्रे कुठचे!" म्हणत तिनं आपल्याच दारावर त्याच्या नावाचा चुना लावला.

आठव्या दिवशी भाऊसिंगच आडवा झाला. दुपारपर्यंत शुद्ध गेली, हातपाय गार पडले. सलाईन चालूच होती.

"नाडी लागत नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "शेजारच्या गावात ही सुई दिलेले दोघं उठले. सुईनं की सलाईननं, देव जाणे. तुम्ही हो म्हणाल तर देतो."

गोमतीबाईनं दारावरच्या चुन्याच्या ठिपक्याकडे पाहिलं. गेरूचं एक बोट ओढलं की काम भागत होतं. तिला तो हवा होता हो, भांडायला का होईना!

"त्यायनं सुदीत असताना नाई म्हटलं," ती कशीबशी बोलली. "नवरा माहा असला तरी आंग त्यायचं हाये. तुमी पानी चढवत राहा." मग ती त्याचे तळपाय चोळत बसली. रडता रडता येत होत्या तेवढ्या शिव्या त्याला दिल्या.

दिवस कलताना भाऊसिंगनं डोळे उघडले. तिनं एका दमात सारं सांगून टाकलं.

"मी मरून राह्यलो होतो, तरी सुई देऊ नाई देली?"

"तुमीच नाई म्हटलं होतं ना!"

भाऊसिंगच्या सुकल्या ओठांवर हसू फुटलं. "वीस वर्सं झाले लग्नाले. पैल्यांदा माहं ऐकलं, अन् तेबी मी बेसुद असताना!"