डाव्या पायातली गुठळी

बाळंतीण होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा माझा डावा पाय सुजला. उजवा होता तसाच होता. आधी पोटरी घट्ट झाली, मग सूज मांडीपर्यंत चढली आणि कातडी ताणून चमकायला लागली. हात लावला तर पाय गरम लागे. माझं हे तिसरं बाळंतपण. दुखणं-सुजणं मला नवं नव्हतं, पण एकच पाय सुजलेला मी कोणाचा पाहिला नव्हता.

कोराडीचं वीजघर तेव्हा नवंच सुरू झालं होतं. नवरा तिथे कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. मी बाळंतपणाला माहेरी आले होते, पारशिवनीकडच्या खेड्यात. माझी आई गावातल्या बाळंतिणींना चोळायची. कोणाच्याही घरी पोर झालं की पहिलं बोलावणं तिला. तिचे हात पुरुषासारखे मोठे होते आणि त्यांना दयामाया नव्हती. रगडल्याशिवाय बाईचं अंग जागेवर येत नाही, असं ती म्हणे. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, हेही तिचंच. घोटभर कोमट पाणी, तेही मागितल्यावर. बाजेखाली शेगडी, खायला कोरडा भात आणि खोबरं, आणि बाजेवरून उठायचं नाही. महिना वैशाखाचा. भिंतीसुद्धा तापत होत्या. ओठ फुटून त्यांतून रक्त यायचं, पण पाणी मागायची मला लाज वाटे. गावातल्या साऱ्या बायका असंच करत आल्या होत्या.

पाय पाहून आई म्हणाली, "वारं शिरलं. रगडून काढतो."

जवसाचं तेल गरम करून ती बसली. तिनं अंगठा पोटरीत रुतवला तशी मी ओरडले.

"चिल्लावून नको राहू वं. पोट्टी झाली तवा एवढी नाई चिल्लावली."

दोन्ही वेळा चोळणं चाललं. पाय उतरला नाही, उलट निळसर झाला. सुट्टीच्या दिवशी नवरा पोर पाहायला आला. त्यानं पोरीकडे पाहायच्या आधी पायाकडे पाहिलं आणि सासूला म्हणाला, "हे मालिशचं काम नाई. गाडी जुंपाले सांगा."

बैलगाडीनं पारशिवनी, तिथून एसटीनं नागपूर. प्रत्येक खड्ड्याला वाटे की पाय फुटतो. आई पोरीला मांडीवर घेऊन बरोबर आली. पिशवीत तेलाची बाटलीही घेतली.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिनं आधी पाय पाहिलाच नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ काढायला लावली. मग विचारलं, "माती खात होतात का?"

मी आईकडे पाहिलं. भिंती पोतारायची पांढरी माती मी पोटुशी असताना रोज खाल्ली होती. वास आला की तोंडाला पाणी सुटे.

"डोहाळे होते जी," आई म्हणाली.

"डोहाळे नाहीत, मावशी. अंगात लोह उरलेलं नाही. रक्त फार कमी आहे." मग तिनं पाय पाहिला, दोरीनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या आणि तिचा आवाजच बदलला. "पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. हा पाय कोणी चोळला का?"

आईनं हात पदराखाली घेतले. मीच सांगितलं, रोज चोळला.

"आता कोणी बोटही लावायचं नाही. गुठळी सुटली तर वर छातीत जाऊन अडकते. मग आमच्या हातात काही राहत नाही."

एवढं सरळ मरणाचं कोणी मला आजवर सांगितलं नव्हतं. मी त्याच क्षणी हलायची थांबले.

आईला मात्र पटलं नाही. तिच्या घरी चार म्हशी होत्या, तिचा हिशेब दुधाचा. ती डॉक्टरणीला म्हणाली, "बाई, तुमीच म्हनता रक्त कमी, पातळ. मंग गुठळी कशाची होते? पानी घातलेल्या दुधाचं दही लागते काय?"

डॉक्टरीण हसली. "रक्त म्हणजे दूध नाही, मावशी. लोह कमी झालं की लाल पेशी कमी होतात. पण रक्त गोठवणारे जे बारीक कण असतात ते कोणाकोणात उलटे वाढतात. तसं का होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. त्यात बाळंतपण, त्यात पडून राहणं, त्यात तुम्ही पाणी तोडलंत. मग रक्त गोठणार नाही तर काय?"

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला एवढंच कळलं की ज्या अंगात रक्त नाही, त्याच अंगात ते साकळूही शकतं. दोन्ही बाजूंनी मीच मरणार.

भीती खरी सुरू झाली ती औषधानं. गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ करणारी सुई होती. डॉक्टरणीनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पण मला ऐकू आलं. बाळंतीण ओली आहे, या सुईनं अंगावरून जास्त जाऊ शकतं, आणि जायला हिच्या अंगात रक्तच नाही. सुई दिली नाही तर गुठळी वाढेल. नवरा म्हणाला, "तुमाले बराबर वाटते ते करा जी." दुसरं तो काय म्हणणार? तो आपला कोळसा ओळखायचा.

खाटेच्या पायथ्याशी विटा लावून पाय उंच केले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नर्स येऊन माझी फडकी पाहून जायची. ती गेली की मी पुन्हा स्वतः पाहायची. लाल जास्त दिसलं तर सुईनं मरते, छातीत कळ आली तर गुठळीनं. मी खोकला दाबायची. शिंक आली की नाक चिमटीत धरायची. पोरीला अंगावर पाजायला घ्यायची, पण तिच्याकडे पाहायची नाही. जिला सोडून जायचं आहे तिचं तोंड कशाला ओळखायचं, असं वाटे.

आई खाटेजवळ खाली बसून राही. तिच्या हातांना काम नव्हतं. एका दुपारी तिनं पिशवीतून बाटली काढली.

"चांगल्या पायाले त हात लावू दे. तो काहून उपाशी ठेवतं?"

"नाही."

"वरच्यावर लावतो वं."

"माय, तुझे हात माझ्या अंगाला लावू नको. त्या पायाला नाही, ह्या पायाला नाही. दूर सरक."

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आईनं बाटलीला बूच लावलं आणि म्हणाली, "गावभरच्या बायका माह्या हातानं उठून बसल्या. पोटची पोरच तेवढी घाबरते." मग भिंतीकडे तोंड करून बसली.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर उजव्या बरगडीखाली टोचलं. मी श्वास घेतला, परत टोचलं. अर्धाच श्वास आत जाई, पुढे सुरी लागे. हातापायांना घाम फुटला. मी हळूच म्हणाले, "माय, छातीत टोचते."

आईनं वळून माझं तोंड पाहिलं आणि पोरीला शेजारणीच्या खाटेवर टाकून अनवाणी पळत सुटली. "बाई जी! डॉक्टरीनबाई! गेली माही पोर!" तिचा आवाज जिन्यावरून खाली जाताना मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता मरताना हाच आवाज ऐकत मरायचं.

डॉक्टरणीनं नळी लावून छाती बराच वेळ ऐकली. म्हणाली, "बारीक तुकडा गेला असावा. मोठा असता तर तुम्ही बोलला नसतात."

ती हे धीर द्यायला म्हणाली. त्यानंतर मी दर थोड्या वेळानं काहीतरी बोलून पाहायची, बोलता येतं की नाही म्हणून.

ती जायला निघाली तशी आईनं तिला दारात गाठलं. "माह्या हातानं गेला काय जी तो तुकडा?"

"सांगता येत नाही, मावशी. चोळल्यानं सुटते, न चोळताही सुटते."

आईला शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिला ना दोष मिळाला ना सुटका. ती येऊन बसली आणि जेवली नाही.

टोचणं हळूहळू कमी झालं. सूज उतरली. पुष्कळ दिवसांनी एका सकाळी डॉक्टरीण म्हणाली, "आज उठा. दारापर्यंत चाला."

आई आडवी आली. "आजचा दिस पडू द्या तिले, जी. चालताना सुटली त?"

"आता पडून राहिल्या तर नवी होईल. उठा."

मी पाय खाली सोडला. पाय लाकडासारखा जड होता. आई माझ्यापुढे उलटी चालत होती, दोन्ही हात पसरून, मी पडले तर झेलायला. पण तिनं मला हात लावला नाही. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. मी एक पाऊल टाकून थांबायची, श्वास घेऊन पाहायची, मग दुसरं.

दारापाशी आल्यावर तिनं विचारलं, "टोचते काय?"

"नाही."

तिला खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. दोघी तिथेच उभ्या राहिलो, पुढचा श्वास कसा जातो ते पाहत.