बाईच्या दोन मशिनी

गिऱ्हाईक समोर बसलं की बाई आधी मशीन कानाला लावायची. पायाखालचं बटण दाबायची, घर्रर्र असा आवाज निघायचा आणि ती डोळे मिटून ऐकत राहायची. मग म्हणायची, "हाव, बोलून राह्यली. आण हात. ढिला सोड." तोवर त्या आवाजानेच गिऱ्हाइकाचा हात लाकडासारखा झालेला असायचा.

तुम्ही आरमोरीच्या आठवडी बाजारात कधी फिरला असाल, तर बाई तुम्ही पाहिलेली आहे. बांगड्यांच्या दुकानाला लागून, निळ्या ताडपत्रीखाली, शेजारी गाडीची जुनी बॅटरी ठेवून बसायची ती. बांगड्यांचं दुकान माझं. आम्ही चंद्रपूरचे मुसलमान, बांगड्या भरण्याचा धंदा घरात पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून ती मला आपा म्हणायची. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. बाजारातही कुणी घेत नव्हतं, गोंदणवाली बाई म्हटलं की पुरे व्हायचं. आता त्या जागेवर एक जण चपला विकतो. माणूस चांगला आहे बिचारा, पण मला त्याचा उगाच राग येतो.

बाईची जीभ मोठी तिखट. एकदा गडचांदूरकडचा एक ट्रकवाला छातीवर बायकोचं नाव गोंदायला बसला. अंगाने हा एवढा दांडगा, आणि सुई टेकताच असा बोंबलला की माझी गिऱ्हाइकं बांगड्या सोडून बघायला धावली. बाई म्हणाली, "ओरडाचं तं ओरड, पण हलू नोको. बायको सोडून जाईन एखाद्या वेळी, नाव नाई जात." तो हसला आणि हलला. मग तिने त्याच्या मांडीवर अशी चापट मारली की तो नाव पूर्ण होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होता.

माझ्या रिकाम्या हातांकडे बघून ती नेहमी हळहळायची. "एवढा गोरा हात फुकट चालला वं तुहा, आपा." मी म्हणायची, आमच्यात चालत नाही, बाई. "मंग तिकडं गेल्यावर तुले वळखन कोण?" हे ती थट्टेने म्हणायची, पण थट्टा तेवढी नव्हती. तिच्या आजीच्या मनगटावर एक तुळस होती, दोन्ही बाजूंना ठिपके, खाली एक आडवी रेघ. तीच तिच्या आईच्या मनगटावर, तीच हिच्या. दागिने तर जाळायच्या आधी काढून घेतात, अंगावरचं गोंदण तेवढं संगं जातं, आणि त्यावरून आधी गेलेली माणसं आपल्या माणसाला ओळखतात, असं तिचं म्हणणं होतं. मी वाद घातला नाही. ज्याचं त्याचं.

तिच्या एकुलत्या पोरीचं मनगट मात्र कोरं होतं. आणि हीच बाईच्या जिवाला लागलेली गोष्ट होती.

पोरीला सिकलसेल. आमच्या भागात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लहानपणापासून हातापायांचे सांधे सुजायचे, थंडी पडली की कळा यायच्या, रक्त चढवायला गडचिरोलीला न्यावं लागायचं. बाईचा नवरा पोरीच्या दुखण्याला कंटाळून कधीचाच निघून गेला होता. जाऊ दे, त्याच्यावर शाई कशाला घालवू. सुईची जखम चिघळली तर भारी पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि डॉक्टर नसते बोलले तरी बाईला ते जमलंच नसतं. अर्ध्या जिल्ह्याला रडवणारी ही बाई पोरीच्या पायात काटा रुतला तर तो काढायला माझ्याकडे पाठवायची.

पोरगी वीस-एकवीसची असेल. बरं वाटत असलं की बाजारात येऊन माझ्या दुकानात बसायची, बांगड्या रंगाप्रमाणे लावून द्यायची. हसरी होती. त्या वर्षी मात्र एका दुखण्यातून उठते न उठते तोच दुसरं, असं चाललं होतं. एकदा माझ्यासमोरच ती आईला म्हणाली, "माय, मले कोरी नोको पाठवू."

बाईने तिच्याकडे बघितलं नाही. "कुठी पाठवून राह्यली मी तुले?" एवढंच बोलली आणि उगाच सुयांची पाकिटं खालीवर करत बसली. पुढच्या आठवड्यात मला म्हणाली, "आपा, चंद्रपुराले त्या मशिनीच्या दुकानात चाल माह्या संगं."

तिथल्या दुकानदाराने तिला रोटरी दाखवली. बाईची जुनी मशीन कॉइलवाली. तांब्याच्या तारेची दोन रिळं, त्यांच्यावर लोखंडी पट्टी नाचते आणि सुईला ठोके देते. हातात धरली की मनगटाला ओझं. ही रोटरी पेनाएवढी, आत छोटीशी मोटर.

"ही घ्या बाई, सगळे हीच घेतात आता," तो म्हणाला. "हलकी आहे. कातडीला मार कमी बसतो."

"दुखते कमी?"

"तसंच म्हणतात लोक."

बाईने ती कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मग त्याला विचारलं, "चालू तरी हाये का हे?"

तो हसला, मीही हसले. बाई हसली नाही. परत येताना एसटीत मला म्हणाली, "जुनीचा आवाज आयकला का मले समजते, सुई कातडीत कुठवर गेली थे. हे तं मुकी हाये. हिले मी काय इचारू?" पण मशीन तिने घेतली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

मग सुरू झाला बाईचा अभ्यास. आधी लवकीवर, म्हणजे दुधीभोपळ्यावर. तिच्या घरी गेलं की कोपऱ्यात तुळशी गोंदलेल्या लवक्या पडलेल्या दिसायच्या. पोरगी म्हणायची, "आपा, आमच्या घरी भाजी बी वळखू येते." लवक्या झाल्यावर बाईने स्वतःचा डावा हात घेतला. कोपरापासून वर जागा सापडेल तिथं तुळस. एक फुटलेली, शाई पसरून निळा डाग झालेली. एक इतकी वर वर की खपलीबरोबर उडून गेलेली. हातावर जागा उरली नाही तेव्हा पोटरी. धंद्याला ती जुनीच वापरायची, गिऱ्हाईक गेलं की रोटरी काढायची. मी ओरडले तिच्यावर, बाई, अंगाची चाळणी करून घेशील! "माहंच अंग हाये ना," म्हणाली.

पावसाळा सरल्यावर, पोरगी जरा बरी असताना, एका दुपारी तिने ते केलं. मला बोलावलं होतं हात धरायला. लोकांचे हात धरणं माझं रोजचंच काम, पण त्या दिवशी मी आधी तळहात कपड्याला पुसून घेतले. मशिनीचा आवाज जवळजवळ नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पोरगी माझ्याकडे बघून हसत राहिली. "दुखते का?" बाई दर रेघेला विचारायची. "नाई वं माय, मुंगी चालल्यावानी लागते." तुळस झाली, ठिपके झाले, रेघ झाली. पोरीने हात उजेडात धरला, मग आईच्या हाताला लावून बघितला. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

खपली पडली आणि तुळस निम्मी गेली. ठिपके तर सगळेच. राहिलं ते अंगावर चुकून पेन लागल्यासारखं. बाईने पाहिलं आणि तिथंच कपाळ धरून बसली. "हात भेला माहा, आपा. सुई आत गेलीच नाई." पोरगीच तिची समजूत घालत होती, थंडी सरू दे, मंग पुन्हा करू.

थंडी तिला सरली नाही. छातीत कळ उठली, दम लागला, गडचिरोलीला नेली, आणि तिथून परत आणली ती झाकूनच. काही लोक बोलले, आईच्या सुईनेच गेली म्हणून. त्यांच्या तोंडात किडे पडोत. हात तर कधीच स्वच्छ भरून आला होता, मी रोज पाहत होते.

मी पोहोचले तेव्हा बायका आंघोळ घालायची तयारी करत होत्या. बाई उठली, तिने सगळ्यांना थांबवलं आणि मशिनीची पिशवी आणली. दारातली एक म्हातारी म्हणाली, "मेल्या अंगाले सुई लावतेस का वं?" मी पुढे झाले आणि पिशवीतून रोटरी काढून तिच्या हातात दिली. पोरीसाठीच तर घेतली होती ती.

बाईने माझा हात बाजूला केला. "थे नोको. आता तिले कुठी दुखते."

तिने जुनी काढली. मी बॅटरी जोडली. त्या एवढ्याशा खोलीत ती घर्रर्र सुरू झाली तशा बाहेर रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. मी पोरीचा हात धरला. तो इतका गार होता की मला धरवेना, पण सोडायचा कसा? बाई वाकून काम करत होती. पुसट झालेल्या रेघांवरून सुई सरळ चालली होती. प्रत्येक रेघेनंतर ती सवयीने फडक्याने रक्त टिपायची. रक्त नव्हतंच. फडक्यावर नुसती शाई लागत होती, तरी ती टिपत राहिली.

शेवटचा ठिपका दिला, मशीन बंद केली, आणि पोरीचं मनगट तिने आपल्या मनगटाला लावून धरलं. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "पाह्य आपा, एक बी रेघ हालली नाई."

मी पाहिलं. खरंच हालली नव्हती.