‘री’ कुणाची

बाहुबली आला की महावीर चौगुल्यांना सगळ्यात आधी त्याच्या चपलांचा राग यायचा. दारात एवढी जागा असताना तो त्या नेमक्या त्यांच्या बायकोच्या, शोभाच्या चपलांना लावून काढायचा. आत जाता जाता महावीर त्या पायानं बाजूला सारत. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथंच.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत महावीरांचं मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. पावसाळ्याच्या शेवटी शोभा ओट्यापाशी उभी असतानाच डोकं धरून खाली बसली. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली होती. डॉक्टरांनी मांडीतून बारीक तार नेऊन तो फुगा आतून बंद केला. जीव वाचला. धरून धरून चालणंही जमायला लागलं. पण शोभा शुद्धीवर आली ती कानडी बोलतच. मराठी कुठं गेली, कुणास ठाऊक.

“लहानपणीची भाषा कधी कधी आधी परत येते,” डॉक्टर म्हणाले. “मराठीही येईल. तोवर तिच्याशी बोलणारं कुणीतरी बघा. तिला गप्प बसू देऊ नका.”

आता ते कुणीतरी कुठून आणायचं? लग्न होऊन आल्या आल्या सासूनं सांगितलं होतं, “इथं मराठीच बोलायचं हं.” शोभानं ते असं पाळलं की आता सासरी असलेल्या लेकीलासुद्धा कानडी आली नाही. माहेरी बोलण्यासारखा एकटा मामेभाऊ उरला होता, सीमेपलीकडच्या सदलग्याचा बाहुबली. शोभाच्याच वयाचा, बायको वारलेला. निरोप मिळताच तो एसटीनं आला, आणि मग दिवसाआड येतच राहिला.

त्यात एक जुनी गोष्ट होती. तिकडं मामाच्या मुलाला मुलगी देतात. या दोघांचंही ठरल्यात जमा होतं. ऐन वेळी मामानंच मोडता घातला आणि कोल्हापूरचं स्थळ आलं. लग्नानंतर शोभानं हे स्वतःच हसत हसत सांगितलं होतं आणि महावीरही पोट धरून हसले होते. आता हसू येत नव्हतं.

बाहुबली तिला ‘पद्दी’ म्हणायचा. माहेरची ती पद्मव्वा. ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहून महावीरांनी तिची शोभा केली होती. आता ‘शोभा’ म्हटलं की ती जरा थांबून बघायची. ‘पद्दी’ म्हटलं की झटकन वळायची. आतल्या खोलीतून तिचं हसू ऐकू आलं की महावीरांच्या हातातला स्क्रू हमखास खाली पडे.

शेजारच्या शालूबाई दुकानात डोकावून म्हणाल्या, “पावणं येत्यात ते बरं झालं बघा, दादा. वैनी कशा खुलल्यात!”

“व्हय की,” महावीर म्हणाले. “पगार चालू करावा म्हंतो त्यास्नी.”

संध्याकाळ सगळ्यात अवघड. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकायला लागलं की शोभा अस्वस्थ व्हायची आणि महावीरांकडं बघून म्हणायची, “ऊटा आतेनरी?” ‘ऊट’ म्हणजे जेवण, एवढा एक शब्द त्यांना सासुरवाडीत कळला होता. ते दुकान तसंच टाकून मऊ भात कालवून आणत. शोभा चमचा ढकलून द्यायची. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. भरवाभरवीत दिवस बुडून जाई. महावीर वडिलांसारखेच दिवे लागल्यावर अन्नाला शिवत नसत. ते तसेच उपाशी झोपत. पूर्वी शोभाच आतून हाक मारायची, “दिवस बुडाया आला, जेवून घ्या की!” आता हाक मारणारं कुणी नव्हतं. पायजम्याची नाडी दर आठवड्याला आणखी आवळावी लागत होती.

त्या दिवशी बाहुबली समोरच बसलेला. ऊन सरकलं. शोभा म्हणाली, “ऊटा आतेनरी?” महावीरांनी ताटली आणली. तिनं ती ढकलली. बाहुबलीला हसू फुटलं.

महावीरांचा तोल गेला. ताटली त्याच्यापुढं आदळत ते म्हणाले, “घ्या! तुमीच भरवा पावणं. तुमच्या हातचं गोड लागतंय तिला. तुमचीच हाय ती!”

बाहुबलीचं हसू मावळलं. “दाजी, कुणाचं जेवाण इचारत्या ती?”

“तिचं. आणि कुणाचं?”

“तुमचं. ‘जेवण झालं का हो’ म्हणत्या. तुम्ही आपलं तिलाच भरवताय!”

महावीर वाकून सांडलेली शितं वेचू लागले.

“शेवटी ती ‘री’ लागत्या न्हवं? ती ‘अहो’ हाय. तिकडं बायको नवऱ्याला ‘री’ म्हणत्या. मला काय म्हणत्या, ऐकलंय न्हवं? ‘एनो, एनो.’ म्हंजे ‘काय रे’. लहानपणापास्नं तेच.” बाहुबलीनं ताटली उचलून महावीरांच्या हातात दिली. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, “ती ‘री’ माझ्या वाट्याला आली न्हाई, दाजी.”

भिंतीवर अजून हातभर ऊन होतं.

“‘झालं’ला काय म्हंत्यात?” महावीरांनी हळू विचारलं.

“आतु.”

महावीर शोभाकडं वळले. “आतु,” ते म्हणाले.

शोभानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, ढिल्या झालेल्या सदऱ्याकडं पाहिलं. ओठ दोनतीनदा नुसतेच हलले. मग शब्द आला, जड, पण स्पष्ट.

“खोटं.”

महावीर मटकन तिच्या कॉटवर बसले आणि तिच्यासाठी कालवलेला तो बिनतिखटाचा गिच्च भात खाऊ लागले. ती एकेक घास बघत होती.

बाहुबली उठला. “येतो, पद्दी.”

“पावणं,” तोंडात घास असतानाच महावीर म्हणाले, “पद्दी म्हणा एक वेळ. पर ‘री’ मागायची न्हाई.”

“न्हाई मागत, दाजी,” बाहुबली म्हणाला, आणि दारात चपला घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.