मी कधी भरती झाले नव्हते

जळगाव स्टेशनावर आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या काळ्या लोखंडी पेटीवर हात ठेवून उभे होते. पेटीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा नंबर, हुद्दा आणि नाव. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर कुठे फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, तेही ठरावीक मुदतीचं. गाडी हलली तशी मी रडायला लागले. आबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "आते तू फौजीनी बायको शे. रडू नको." दहा-बारा वर्षांपूर्वीची, पंच्याऐंशी-शहाऐंशीची ही गोष्ट.

भडगावच्या माझ्या जावांनो, आणि माझ्यासारख्याच अशा पेटीमागून पंजाबात नि आसामात गेलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही विचारता, तिकडे मजा होती ना? होती. नळाला पाणी होतं, कँटीनचा साबण होता, दवाखाना फुकट होता. आमचे हे नाईक होते. बाहीवरच्या दोन फिती मी स्वतः शिवल्या आणि शिवताना ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? पण नाईक म्हणजे दोन्हीकडून बोलणी. शिपाई चुकले तर वरून शिव्या ह्यांना, आणि शिपायांकडून काम करून घ्यायला जावं तर त्यांची तोंडं वाकडी. सगळी आस तिसऱ्या फितीवर होती. हवालदार झालं की मान वाढायचा, आणि मुख्य म्हणजे नोकरीची वर्षं वाढायची. नाईकच राहिलं तर चाळिशीच्या आत घरी.

हे हुद्दे पुरुषांचे, असं मी धरून चालले होते. बायकांच्या वेल्फेअर सभेत कळलं की मलाही हुद्दा आहे. साहेबांच्या बायका सोफ्यावर, सुभेदारांच्या खुर्च्यांवर, आणि आम्ही बाकीच्या खाली सतरंजीवर. कुणी बसवत नसे. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला ठाऊक होती.

वर्षभराने कंपनीला नवे साहेब आले. त्यांच्या बाईंचं माहेर दोंडाईचाचं, असं ह्यांनी सांगितलं आणि मला आनंदाने काही सुचेना. वर्षभर ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपली बोली ऐकली नव्हती. पुढच्या सभेत चहा सुरू झाला तशी मी सतरंजीवरून उठले, थेट सोफ्यापाशी गेले आणि म्हणाले, "अक्का, तुमनं माहेर दोंडाईचानं शे ना? मी भडगावनी!"

वयाने मोठी बाई, आपल्याकडची. तिला अक्का नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तिला सगळं समजलं होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण ती हिंदीत म्हणाली, "आपके पति कौन हैं?" माझं नाव तिने विचारलं नाही. तेवढ्यात सुभेदारांच्या बायकोने माझं कोपर धरलं आणि मला पुन्हा खाली आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी परेडला सगळ्यांसमोर ह्यांना ऐकवण्यात आलं, "घरवाली को कायदा सिखाओ." घरी येऊन हे ओरडले असते तर बरं झालं असतं. बूट काढता काढता एवढंच म्हणाले, "तिले अक्का नको म्हनू. मेमसाब म्हन." माझ्या अंगाची आग झाली. मी कधी भरती झाले होते? माझी छाती कुणी मोजली होती? मला मैदानावर कुणी पळवलं होतं? मग मी कोणाला काय म्हणायचं ते पलटण कशी ठरवते? पुढे मोठ्या साहेबांच्या बाई आल्या तेव्हा हीच अक्का ट्रे घेऊन त्यांच्यामागे धावताना मी पाहिली. तरी मला तिची दया आली नाही, अजूनही येत नाही.

त्या वेळच्या बढतीच्या यादीत ह्यांचं नाव नव्हतं, त्यानंतरच्याही नव्हतं. माझ्या त्या एका शब्दामुळे की आणखी कशामुळे, हे कुणी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ह्यांनी एकदाही माझ्यावर ठपका ठेवला नाही. नाईक म्हणूनच परत आले. आता आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. डोक्यावर एक पांढरा केस नसलेला हा माणूस पेन्शनर आहे आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो.

गेल्या महिन्यात मी कापूस वेचणीला भडगावला आले, तेव्हा ओट्यावर बसून ही सगळी कहाणी जावांनो तुम्हाला सांगितली. तावातावाने सांगितली. खाली अंगणात भिलाटीतली, गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली सुकीबाई वेचलेला कापूस साफ करत होती. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती आपल्या शेतात राबते आहे. मी थांबल्यावर तिने मान वर केली.

"तुले सतरंजी तं व्हती ना, बाई," ती म्हणाली.

तुम्ही हसलात. मी तिला म्हटलं, वर ये, बस. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई सुपारी कातरत राहिल्या. "आठेच बरं शे," म्हणत सुकीबाईने पुन्हा मान खाली घातली, आणि मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

पलटणीवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. पण ज्या घरासाठी परमुलखात मी डोळे पुसत राहिले, त्या घराने सुकीबाईला एवढ्या वर्षांत एकदाही ओट्यावर बोलावलं नव्हतं. आणि त्या घरात मीही होते.