फॉर्ममधला आठवा रकाना

रावेरच्या एका केळी पॅकिंगमध्ये हेमराज डाग शोधायचं काम करायचा. तेवीस वर्षं तेच. घडातून कापलेली केळ्यांची फणी उचलायची, फिरवून बघायची, काळा ठिपका दिसला की बाजूला. हाताला अशी सवय जडली होती की घरी तो भाकरीही उलटून बघायचा. मग बायको दिपमाला म्हणायची, "खोक्यात भरायची नाहीये. खा."

गावातल्या ख्रिस्ती मंडळीत दर एप्रिलला उपासनेनंतर उन्हाळी शिबिराच्या सूचना वाचायचा मानही त्याचाच. आवाज भारदस्त होता. स्वतःचं लेकरू अजून कधी पाठवलं नव्हतं, त्यामुळे तो आणखीच भारदस्त निघायचा.

"मोबाईल देऊ नका. मुलींच्या खोलीत कोणत्या ताई झोपणार, ते आधी विचारा, लाजू नका. औषधाच्या पुडीवर नाव घाला. पहिल्या दिवशी लेकरू रडेल, रडू द्या. मध्येच भेटायला जाऊ नका, रुळलेलं लेकरू पुन्हा रडतं. आणि आठवा रकाना, 'मुलाबद्दल आम्हाला काय माहीत असावं', तो खरा भरा. लेकराची अडचण लपवणारा बाप लेकराला एकटं पाडतो."

शेवटचं वाक्य छापील कागदात नव्हतं. ते हेमराजने पदरचं घातलं होतं. म्हातारे माना डोलवायचे, आणि घरी पोचेपर्यंत हेमराज ते मनातल्या मनात दोन-तीनदा पुन्हा ऐकायचा.

यंदा त्याची एस्तेर दहा वर्षांची झाली आणि तो फॉर्म त्याच्याच घरी आला.

एस्तेरचं अंथरूण महिन्यातून एकदा-दोनदा ओलं व्हायचं. काही मुलांना होतं, वाढेल तसं जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दिपमाला म्हणाली, "आठव्यात लिहा. ताईंना माहीत असलं तर उठवून नेतील तिला."

"लिहितो ना."

पण फॉर्म पाळकांच्या घरून पुढे जाणार होता, आणि पाळकीणबाई वाचल्याशिवाय कागदाचा चिटोराही पुढे जाऊ देत नसत. हेमराजने वळणदार अक्षरात लिहिलं : 'विशेष काही नाही. समंजस आहे.' डागाची फणी खाली आणि चांगली वर भरणाऱ्या मजुराला त्याने गेल्याच महिन्यात चारचौघांत झापलं होतं. ते त्याला आठवलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

एस्तेर गेली. तिसऱ्या दिवशी जेवताना भाकरी उलटता उलटता त्याने बायकोला सांगून टाकलं. दिपमाला ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "चादर कुठे लपवेल ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने हेमराज निघाला. कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं, म्हणून मांडीवर केळ्यांचं खोकं घेतलं. जळगावला गाडी बदलली. धुळ्याच्या पुढे एका शाळेच्या आवारात शिबिर होतं, तिथे तो पोचला तेव्हा डोक्यावर ऊन आणि खोक्यात अर्धी केळी मऊ झाली होती.

फाटकाजवळच्या स्वैपाकघरात शिबिराचे आचारी रतिलालनाना वांगी भाजत होते. त्यांनी खोकं पाहिलं, मग तोंड पाहिलं.

"दरसाल एक तरी बाप येस," ते म्हणाले. "मागल्या साली एक लाडू लई उना व्हता. बठ्ठा बाप सारखाच शेतस, भाऊ."

"मी काही लाडू घेऊन आलेलो नाही. सहज आलो, केळी द्यायला."

"हा ना. धुळेना बाजारमा केळी भेटतस कुठे!"

मुलींच्या खोलीच्या सुलक्षणाताई बाहेर आल्या. हेमराजने घसा साफ केला. तो भारदस्त आवाज रावेरलाच राहिला होता. "ताई, एस्तेरच्या फॉर्ममध्ये... आठव्या रकान्यात... माझ्याकडून एक राहिलं."

"राहिलं होतं," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाला आपला फॉर्म वाचायला देतो. एस्तेर म्हणाली, दुरुस्ती आहे." त्यांनी फाईल उघडली. त्याच्या वळणदार ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं : 'माझं अंथरूण कधी कधी ओलं होतं. पप्पांनी लिहिलं नाही. ते लाजाळू आहेत.'

"झालं का काही?" त्याने विचारलं.

"एकदा. चादर तिनेच धुतली, पिळायला मैत्रीण होती. त्या खोलीत आणखी दोघी आहेत तशा."

तेवढ्यात मुलींचा घोळका नळाकडे धावत आला. त्यातली एक थबकली.

"पप्पा! मध्येच भेटायला यायचं नसतं ना? तुम्हीच वाचता की!"

"केळी द्यायला आलो, बेटा."

"दिली ना? मग जा." आणि ती हसत पळाली. बापाला वाटलं होतं, निदान थोडी तरी रडेल.

सुलक्षणाताईंनी पेन पुढे केलं. "दुरुस्तीवर पालकाची सही लागते."

हेमराजने ती पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचली. सवयीने डाग शोधला. सापडला तो 'लाजाळू' या शब्दात. पोरीने बापासाठी तो जपून निवडला असणार. त्याच्याकडे स्वतःसाठी याहून खरे दोन-तीन शब्द होते.

ते काही त्याने लिहिले नाहीत. सही केली आणि कांदे चिरायला रतिलालनानांजवळ जाऊन बसला, कारण परतीच्या गाडीला अजून वेळ होता.