एक पडदा पुढे

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, बाबांना ऐकू यायचं नाही. मारेगावच्या एका जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या यंत्रांपुढे उभं राहून त्यांनी बावीस हंगाम कापूस ढकलला. कानात बोळे घालायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई त्यांच्या पापण्यांवरची रुई पदराने टिपायची. आम्ही त्यांना हाक मारायची म्हणजे खाटेच्या लाकडावर मूठ आपटायची. हादरा अंगात गेला की ते वळायचे.

रेशनच्या रांगेत लोक त्यांच्या मागे उभे राहून काहीबाही बोलायचे आणि हसायचे. लोक हसतायत एवढं बाबांना दिसायचं. मग ते हात जोडायचे. सगळ्यांना. मी नऊ-दहा वर्षांचा असेन — त्या हसणाऱ्यांचे दात पाडावेत असं वाटायचं. तो राग अजून आहे माझ्यात. तो खरा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हाला तो खोटा वाटेल.

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजने मला गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावलं. घराण्यातला पहिला पदवीधर, स्वतःचा बँड असलेला माणूस. मी माईकवर बाबांचं जिनिंग सांगितलं, खाट सांगितली. टाळ्या पडल्या. एका प्राध्यापिकेने डोळे पुसले. आणि मी तिथे उभा राहून हार घालून घेतला! घरी येऊन तो हार मोटरसायकलच्या हँडलवर फेकला आणि ठरवलं — आता बस, सांगून टाकायचं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दारू पिऊनही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो.

मी बेस वाजवतो. यवतमाळ शहरात आणि बायपासच्या गार्डन बारमध्ये शनिवार-रविवार जे बँड असतात, त्यांतल्या एकात. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असताना कुणाला ऐकू येत नाही, बंद पडली की मात्र लोकांना जेवणात मीठ कमी वाटायला लागतं. हे वाक्य माझं नाही. देवाभाऊंचं आहे.

देवाभाऊ आमचे गायक. बँड त्यांचाच. कळंबचे, दिवसा शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायचे. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, गॅदरिंगमध्ये गिटार बडवत होतो — वाईट. त्यांचा बेसवाला पुण्याला निघून गेला होता. ते मागे आले आणि म्हणाले, "सहा तारा तुले झेपत नाई बे. चार घेऊन पाह्य." असा मी बँडमध्ये आलो. त्यांनी मला शिकवलं ते बेसचा आवाज जिथून निघतो त्या खोक्यावर, अॅम्पवर हात ठेवायला लावून. कानाने नाही, तळहाताने. म्हणाले, हादरा बरोबर असला की सूर बरोबर असतो.

मी तेव्हाच ओळखलं. असं कोण शिकवतं? लहानपणापासून घरी मी तेच पाहत आलो होतो — बोलणाऱ्याकडे मान किंचित कलती, नजर ओठांवर. मी विचारलं तर आधी चिडले, मग म्हणाले, तरुणपणी वरातीच्या गाडीवर भोंग्याखाली गाऊन गाऊन उजवा कान गेला. डावा आहे, पण स्टेजच्या कलकलाटात तो कीबोर्ड वेगळा काढू शकत नाही. "कोणाले सांगजो नको. बहिऱ्या गायकाले कोण बोलावते?"

मी सांगितलं नाही. तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. पहिलं गाणं देवाभाऊ बिनसाथीचं उचलायचे. पहिली ओळ एकटा आवाज, दुसऱ्या ओळीवर आम्ही सगळे. त्याआधी मी बेसवर एक सूर द्यायचो. फक्त एक, अगदी हळू. ते डावा पाय माझ्या अॅम्पला टेकवून उभे असायचे. तो सूर पायातून वर जायचा आणि ते डोळे मिटून गायला लागायचे. समोर टेबलांवरच्या लोकांना ती ऐट वाटायची. बाकीच्या पोरांना सवय वाटायची. खरं मला एकट्याला माहीत होतं.

आता रागाचं सांगतो.

देवाभाऊ माईकवर सगळ्यांची ओळख करून द्यायचे, आणि माझी पाळी आली की तोच एक विनोद. "अन् बेसवर हायेत आमचे ग्रॅज्युएट साहेब! ऐकू नाई आलं तं समजा बरोबर वाजवून राह्यले!" लोक हसायचे. दर आठवड्याला. कीबोर्डवाला पंकज — बँक मॅनेजरचा मुलगा, त्याच्या घरात आजोबाही शिकलेले — त्याला कधी कुणी ग्रॅज्युएट साहेब म्हटलं नाही. मीच का? माझी पदवी काय गंमत होती? मी सांगितलंही एकदा, भाऊ, ते बंद करा. ते म्हणाले, "अबे, लाडानं म्हणतो." गाणी कोणती घ्यायची, कुणी कुठे उभं राहायचं, यावरूनही आमचं वाजायचं. मी सुचवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं — "परीक्षा नाई हे, गाणं होय."

मग एका रविवारी दुपारी एका बारच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम पाहायला बाबा आले. पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. मी त्यांना स्टेजजवळच्या खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात धरून अॅम्पवर ठेवला. दोन गाणी त्यांनी हात काढला नाही. त्यांचा चेहरा काय सांगू तुम्हाला! माझं काम त्या हॉलमध्ये कुणापर्यंत पोचत असेल तर त्या एका माणसापर्यंत पोचत होतं.

आणि देवाभाऊ माईकवर म्हणाले, "आज साहेबांचे बाबा आले हायेत. काय बाबा, पोराचं ऐकू आलं का काही?"

हॉल हसला. बाबांना दिसलं की सगळे त्यांच्याकडे पाहून हसतायत. ते उठले आणि हात जोडले. एका बाजूला. मग वळून दुसऱ्या बाजूला. मग मागच्या टेबलांना.

माझ्या गळ्यात बेस अडकवलेली होती. नाहीतर मी काय केलं असतं कोण जाणे. पण हे म्हणायला सोपं आहे. मी काहीच केलं नसतं. मी तेव्हा काही केलं नाही, घरी जाताना बोललो नाही, दुसऱ्या दिवशी भांडलो नाही. मी राग जपून ठेवला. त्याला धार लावत बसलो.

तीन आठवड्यांनी नागपूर रोडवरच्या एका नव्या हॉटेलने आम्हाला ट्रायलला बोलावलं. त्यांना वर्षभरासाठी एकच बँड हवा होता. आम्ही सगळे त्याच्यासाठी जीव टाकून होतो, आणि देवाभाऊ सर्वांत जास्त. आठवडाभर त्यांनी तोंडात लवंग धरली होती. नवा जांभळा शर्ट शिवला होता. दुपारचे चार, रिकामा हॉल, कूलर धडधडत होते, समोर एका टेबलावर मालक, त्यांचा भाऊ आणि मॅनेजर. मालक म्हणाले, करा सुरू.

देवाभाऊंनी डावा पाय माझ्या अॅम्पला टेकवला. डोळे मिटले.

गाणं काळी एकमध्ये होतं. माझ्या वरून दुसऱ्या तारेवर तो सूर चौथ्या पडद्यावर, दांडीवरच्या चौथ्या पट्टीवर, येतो. मी बोट पाचव्यावर ठेवलं.

एवढंच. एक पडदा पुढे. बोटभर जागा, अर्धा सूर वर. चूक झाली असं म्हणाल? बोट घसरलं? नाही. मी आदल्या दिवशी घरी बसून ठरवलं होतं. पंकज त्या वेळी कीबोर्डचे आवाज लावण्यात गुंतलेला असतो, ड्रमवाल्याला सुरातलं कळत नाही, आणि बेस कुणी ऐकतच नाही — हे सगळं मी मोजून पाहिलं होतं. त्यांच्याच विनोदाचा मी आडोसा केला.

त्यांनी पहिली ओळ गायली. काय गायली! त्या रिकाम्या हॉलमध्ये मॅनेजरने मोबाइल खाली ठेवला. आणि दुसऱ्या ओळीवर आम्ही सगळे खालच्या सुरात, बरोबर सुरात, आत आलो. मीसुद्धा. माझं बोट चौथ्या पडद्यावर परत आलं होतं. आता चुकीचा माणूस एकच होता.

त्यांनी सूर शोधला. वर गेले, खाली आले, आवाज फाटला. पाय अॅम्पवर दाबला. तिथे आता वेगळंच काही होतं, आणि त्यांचा त्या पायावर विश्वास होता, म्हणून ते आणखी गोंधळले. मालकाचा भाऊ हसायला लागला. मग मालकही. देवाभाऊंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. ते हसतायत हे त्यांना दिसलं.

आणि त्यांनी हात जोडले.

मी वाजवत राहिलो.

नंतर बाहेर पार्किंगमध्ये ते मला बाजूला घेऊन गेले. ओरडतील असं वाटलं होतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. "खरं सांग. तू सूर बरोबर देल्ला होता ना?"

मी म्हणालो, "हो भाऊ. बरोबर देल्ला होता."

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाले, "मंग माहा दुसरा कानबी गेला."

तिथे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. माझा सूड तेवढ्यावर संपला असता, फार तर त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या. मी पाणी आणून दिलं. त्यांचा माईक गुंडाळून दिला. किती चांगला मुलगा!

मालकांचा निरोप आला — बँड ठीक, गायक बदला. पोरं चहाच्या टपरीवर जमली. देवाभाऊंना कसं सांगायचं? सगळे माझ्याकडे पाहायला लागले, शिकलेला म्हणून. ग्रुपवरचा मेसेज मी लिहिला. "सर्वांच्या हिताचा विचार करता" असं काहीतरी, शुद्ध, एकही चूक नसलेलं. माझ्या पदवीचा इतका नेमका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. त्यांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ग्रुप सोडला.

बाबांच्या त्या रविवारबद्दल एक गोष्ट मी वर सांगितली नाही. मुद्दाम. ती सांगितली की तुमच्या मनात माझी बाजू उरत नाही. बाबांनी हात जोडले तेव्हा देवाभाऊंचं तोंड उतरलं होतं. बाबा बहिरे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं — मीच कधी सांगितलं नव्हतं, मला लाज वाटायची. गाणी संपल्यावर ते बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, टेबलावर मुठीने ठेका धरला आणि बाबांचा हात त्या टेबलावर ठेवला. दोघं बराच वेळ तसे बसले होते. बाबा हसत होते. जाताना देवाभाऊ मला म्हणाले, "सांगाचं नाई का बे, बाबांचं? चुकलं माह्यं." माफी मागितली होती त्या माणसाने. ट्रायलच्या तीन आठवडे आधीच. आणि तरी मी बोट पुढे सरकवलं. मग तो राग बाबांसाठी होता का? नव्हता. मला माईक हवा होता. माझी ओळख मला स्वतः करून द्यायची होती. बाबांना मी नुसतं पुढे केलं.

गेल्या चतुर्थीला कळंबला गेलो, आईचा कुकर घेऊन. त्यांच्या दुकानात. आता ते गिऱ्हाइकाला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. एकदा ऐकू आलेलं असतं, तरी. स्वतःवर भरवसा नाही. कुकरचं रबरी वायसर बदलता बदलता म्हणाले, मुलीने बळजबरीने यवतमाळला नेऊन कानाची तपासणी करवली. डॉक्टरांनी मशीन लावून सांगितलं, डावा कान चांगला आहे, काही झालेलं नाही.

"मशीनचं काय घेऊन बसला," ते म्हणाले. "स्टेजवर तू होता ना बाजूले. तू कायले खोटं बोलशील?"

मी कुकर घेतला आणि निघालो. त्यांनी आईला नमस्कार सांगितला.

ते गात नाहीत. दुकानातही गुणगुणत नाहीत, शेजारच्या पानवाल्याने सांगितलं.

ट्रायलच्या वेळच्या त्या हॉटेलात आमचा बँड चौथं वर्ष वाजतो आहे. पंकज गातो. बाहेरच्या बोर्डावर सर्वांत वर माझं नाव आहे, पुढे बी.कॉम. लिहिलेलं आहे. माईकवर सगळ्यांची ओळख मी करून देतो.