एमलिन प्रॉसरच्या मयताला आलेली बाई

शेजारच्या म्युरिअल हेप्वर्थची बॅग मी एकदाच उचलून पाहिली, तीही तिच्या नकळत. वजन बरोबर होतं. गाडीतल्या वरच्या फळीवर स्वतःच्या हातानं चढवता येईल एवढंच सामान ती नेते. बॅग भरली की आधी घरातल्या कपाटावर चढवून बघते. नाही चढली तर एक स्वेटर बाहेर. बहुतेक लोक आधी बॅग भरतात आणि मग ती उचलायला माणूस शोधतात. मी हडर्सफील्डला रुळांवर गँगमन म्हणून आयुष्य काढलं. ही माणसं मला लांबून ओळखू येतात.

म्युरिअल शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा गेल्यापासून दर मे महिन्यात ती एकटी निघते. कधी रेल्वे, कधी बस. किल्ले बघते, दीपस्तंभ बघते, पाऊस आला तर चहा पिते. एकटीच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"किल्ला बघताना कोणी 'चला आता' म्हटलेलं मला चालत नाही," ती म्हणाली. "आणि मला निघायचं असताना कोणी 'थांब गं' म्हटलेलं तर मुळीच नाही."

एका हिवाळ्यात मात्र ती बर्फावरून घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. घसरली ती स्वतःच्या दारात. साऱ्या स्कॉटलंडात कधी घसरली नव्हती. पण हे तिच्या लेकीला कोण सांगणार? लिनेट लीड्सहून आली आणि आमच्या मागच्या अंगणात उभी राहून बोलली.

"आई, या मे महिन्यात जा. पण एक जरी घोटाळा झाला ना, तर एकटीनं फिरणं कायमचं बंद. मग ग्रुपबरोबर जायचं."

"म्हणजे गळ्यात बिल्ला घालून?"

"हो. बिल्ल्यावर नाव लिहून."

"आणि झेंडा घेतलेल्या बाईच्या मागे पळत?"

"चालत, आई. ते सगळे तुझ्याच वयाचे असतात."

"तेच तर म्हणते मी."

लिनेटनं छत्री, थर्मास, चष्म्याची डबी, सगळ्यावर नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रोज संध्याकाळी ठरल्या गावाहून फोटो पाठवायचा, असंही बजावलं. मग माझ्याकडे वळली. "क्लिफकाका, काही कानावर आलं तर मला सांगायचं हं. आणि ही तुमची भिंत जरा वाकडी झालीय का?"

दोन अंगणांमधली ती भिंत मी बांधलेली आहे. सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. एकेक दगड हातात फिरवून बसवलेला. ती वाकडी नाही.

म्युरिअल निघाली. यॉर्क, एडिंबरा, इन्व्हरनेस, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. स्काय बेटावर इतकं धुकं होतं की बेट दिसलंच नाही. "पण होतं तिथंच," ती फोनवर म्हणाली. "पायाला लागत होतं." मग रेल्वेनं खाली श्रूजबरीला आली. तिथून बसनं वेल्समध्ये शिरून अ‍ॅबरिस्टविथला समुद्रावर मुक्काम करायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. पलीकडे कपबशांचा आवाज.

"क्लिफ, मी एका मयताला आलेय."

"कोण गेलं?"

"एमलिन."

"कोण एमलिन?"

"मला काय माहीत? हळू बोल."

झालं होतं असं. श्रूजबरीच्या बसथांब्यावर एक रांग उभी होती. व्यवस्थित, गप्प, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. म्युरिअल मागे जाऊन उभी राहिली. आमच्याकडे रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, ती कशाची ते मागाहून कळतं. विचारायला पुढे जावं, तर हा मध्ये घुसतोय की काय असं सगळ्यांना वाटतं. त्यापेक्षा चुकीच्या गावी गेलेलं बरं. सगळ्यांनी काळे कपडे घातलेत हे तिच्या लक्षात आलं होतं. वेल्सचे लोक जरा गंभीर असतात, अशी तिनं समजूत करून घेतली. बस आली, ड्रायव्हरनं बॅग बसच्या पोटात टाकली, तिकीट कुणी मागितलं नाही. कंडक्टर पुढच्या थांब्यावर चढेल म्हणून ती वाट बघत बसली. बस थांबली ती एका खेड्यातल्या चॅपलसमोर, शवपेटीच्या गाडीमागे.

"मग तिथंच सांगायचं ना!" मी म्हटलं.

"कुणाला? विधवेला? 'मला क्षमा करा, मी सहलीला निघालेय' म्हणून?"

हेही खरंच.

एमलिन प्रॉसर हा आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवणारा. अर्धी बस त्याच्या डेपोतल्या लोकांनी भरलेली, अर्धी बायकोच्या माहेरच्यांनी. डेपोवाल्यांना वाटलं, ही माहेरची. माहेरच्यांना वाटलं, ही डेपोतली. विचारणार कोण? चॅपलमध्ये सगळे गायला लागले. वेल्सचे लोक मयताला गातात ते अर्ध्या मनानं नाही गात. म्युरिअलला रडू आलं. चांगलं हुंदक्यासकट आलं. शेजारच्या बाईनं तिचा हात थोपटला.

नंतर हॉलमध्ये चहा, हॅमची सँडविचेस आणि मनुका घातलेला पाव. आता कुणीतरी बोलायला येणार, हे म्युरिअलनं ओळखलं आणि सरळ आतल्या मोरीत शिरून भांड्यांना हात घातला. हातात फडकं असलेल्या बाईला आमच्या देशात कुणी 'आपण कोण' असं विचारत नाही. ग्लास आधी, मग कप, मग तुपकट ताटं, आणि पाणी मध्येच बदललं. मी मुद्दाम विचारून घेतलं. काम नीट केलं होतं.

राहिला प्रश्न अ‍ॅबरिस्टविथचा. संध्याकाळी समुद्राचा फोटो गेला नाही तर लिनेट माझ्याकडे चौकशी करणार. म्युरिअल डेपोवाल्यांच्या टेबलाशी गेली आणि एवढंच म्हणाली, "मला आज अ‍ॅबरला पोचायचंय." टेबलाभोवती बसलेले सगळे बस ड्रायव्हर.

"डोंगरावरून जा."

"वेडा आहेस का? तिकडं मेंढ्या आडव्या येतात. नदीकाठानं."

"एमलिन कायम डोंगरावरून जायचा."

"म्हणून तर कायम उशिरा पोचायचा!"

भांडण मिटेना, तेव्हा त्यातला एक उठला आणि आपल्या मेहुण्याच्या मोटारीनं तिला सोडून आला. फोटो वेळेवर गेला. लिनेटचं उत्तर आलं, "छान! हातात कसला पाव आहे?"

म्युरिअल घरी आली. मनगट शाबूत, बॅग शाबूत. छत्री तेवढी चॅपलमध्ये राहिली होती. भिंतीवर कोपर टेकून तिनं मला सगळं सांगितलं, आणि दोघं पोट धरून हसलो. पुढच्या वर्षी कॉर्नवॉल, असंही तिनं ठरवून टाकलं.

मग आला तो रविवार. लिनेट जेवायला आली होती, मलाही बोलावलं होतं. भाजलेलं बीफ कापत असताना बेल वाजली. दारात काळ्या कोटातली एक ठेंगणी बाई, हातात म्युरिअलची छत्री. लिनेटनं चिकटवलेली चिठ्ठी मुठीवर तशीच होती.

"मी ग्वेंडा प्रॉसर," ती म्हणाली. "एमलिनची बायको."

म्युरिअलच्या हातातला चमचा खाली आला. लिनेटनं खुर्ची दिली. बाई बसली नाही.

"तुम्ही माझ्या नवऱ्याच्या मयताला होता. रडलात. माझ्यापेक्षा जास्त रडलात. भांडी घासलीत आणि कुणाला न सांगता निघून गेलात. मी डेपोत विचारलं, माहेरी विचारलं. तुम्हाला कुणीच ओळखत नाही." तिनं छत्री दोन्ही हातांत घट्ट धरली. "एमलिन आयुष्यभर गावोगाव मुक्काम करायचा. हडर्सफील्डलाही यायचा. मला खरं काय ते सांगा. मी ओरडणार नाही."

लिनेट आईकडे बघत राहिली. "आई?"

म्युरिअल अडकली. खरं सांगावं, तर घोटाळा कबूल, एकटीनं फिरणं बंद, गळ्यात बिल्ला. गप्प राहावं, तर लेकीच्या देखत मेलेल्या ड्रायव्हरची मैत्रीण. आणि तिला ओळखतो म्हणून सांगतो, क्षणभर तिनं दुसऱ्या पर्यायाचा विचार केला. पण समोरच्या बाईची बोटं छत्रीवर पांढरी पडली होती.

"मी चुकीच्या रांगेत उभी राहिले," म्युरिअल म्हणाली. "मला अ‍ॅबरची बस हवी होती. तुमच्या यजमानांना मी जिवंतपणी कधी पाहिलं नाही. रडले ते गाण्यामुळं. सँडविच खाल्लं त्याबद्दल माफ करा."

मग ग्वेंडा खुर्चीत बसली आणि इतकी हसली की तिला रुमाल काढावा लागला.

"खरं सांगू? जरा वाईटच वाटलं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एमलिननं आयुष्यात काहीतरी केलं असेल."

लिनेट मात्र हसत नव्हती. "आई, आपलं ठरलं होतं. आता एकटीनं बंद."

म्युरिअलनं मान खाली घातली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी बटाटे पुढे सरकवले, दुसरं काय करणार?

ग्वेंडानं डोळे पुसले. "मग मी जाते ना हिच्याबरोबर. एमलिन सुटीच्या दिवशी गाडीत पाय ठेवायचा नाही. मी कधी कुठं गेलेच नाही. आज पहिल्यांदा एकटी रेल्वेत बसले." थांबली आणि हळूच म्हणाली, "फार मजा आली."

"एकटी" म्हणताना तिनं म्युरिअलकडे पाहिलं. म्युरिअलनं मान वर केली. लिनेट खूश होऊन ग्रेव्ही वाढत होती, तिला काही दिसलं नाही.

पुढच्या मे महिन्यात निघायच्या आदल्या दिवशी ग्वेंडा आमच्याकडे आली. मागच्या अंगणात मी त्या दोघींचे फोटो काढले. एकदा निळा स्कार्फ, एकदा लाल, एकदा टोप्या, एकदा छत्री उघडून. पाठीमागे माझी भिंत. सकाळी दोघींना स्टेशनवर सोडलं. बॅगा त्यांनीच उचलल्या. ग्वेंडाची जड होती. म्युरिअलनं फलाटावरच उघडायला लावून एक स्वेटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"शनिवारी, इथंच," म्युरिअल म्हणाली.

"शनिवारी. आणि मध्ये फोन करायचा नाही हं," ग्वेंडानं बजावलं.

एक लिव्हरपूलच्या गाडीत चढली, दुसरी यॉर्कच्या.

बुधवारी लिनेटचा फोन आला. "क्लिफकाका, आईनं पाठवलेला कालचा फोटो बघितलात? कुठला किल्ला आहे कोण जाणे. पण भिंत बघा ना, किती सरळ!"

"हो," मी म्हटलं. "बांधणाऱ्यानं मन लावून बांधलीय."